घाट उतरताना ब्रेक लागेनासा झाला तर

प्रश्न : गेल्या महिन्यात कोल्हापूरहून आंबा घाटाने परतताना, साखरप्याच्या अलीकडे ब्रेकचे पेडल मऊ पडून थेट तळाला गेले. मागे आई बसली होती. पुढे सपाट रस्ता लागल्याने गाडी कशीबशी थांबली. अर्ध्या तासाने ब्रेक नेहमीसारखे लागू लागले आणि गॅरेजमध्येही दोष सापडला नाही. पुन्हा असे झाले तर काय करावे?
– एक वाचक, देवरुख

उत्तर : अर्ध्या तासाने ब्रेक पूर्ववत झाले, हा आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे. लांब उतारावर पाय सतत ब्रेकवर राहिला की पॅड तापतात, ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते आणि ऑइलमध्ये मुरलेल्या पाण्याची वाफ होते. ऑइल दाबले जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, म्हणून पेडल तळाला जाऊनही चाकांपर्यंत जोर पोहोचत नाही. गाडी निवली की वाफ जिरते. ‘डॉट ३’ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. आपल्या दमट हवेत ते दर दोन वर्षांनी बदलावेच. नुसती पातळी पाहून भागत नाही.

प्रत्यक्ष प्रसंगी पेडल चार-पाच वेळा भराभर दाबावे, थोडा दाब परत मिळू शकतो. त्याच वेळी एकेक करून खालचे गिअर टाकावेत आणि मग हँडब्रेक, बटण दाबून धरून, हळूहळू ओढावा. एकदम ओढल्यास मागची चाके जाम होऊन गाडी फिरते. इंजिन बंद करू नये, कारण स्टिअरिंग जड होते आणि किल्ली काढल्यास लॉकही होऊ शकते. हॉर्न व दिवे चालू ठेवावेत. एवढे करूनही वेग आटोक्यात येत नसेल, तर गाडी डोंगराच्या कडेला घासत न्यावी. पत्रा चेपेल, पण दरी टळेल. थांबल्यावर चाकांपुढे दगड लावावेत, सर्वांनी रस्त्यापासून दूर उभे राहावे आणि ११२ क्रमांकावर कळवावे.

इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये घाट उतरण्याची सवय आपल्याकडे अनेकांना आहे. ती असल्यास कृपया आजच सोडा. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. जळका वास आला किंवा पेडल किंचितही मऊ लागले, तर पुढच्या वळणाची वाट न पाहता पहिल्याच सुरक्षित जागी थांबावे आणि चाके आपोआप निवू द्यावीत, त्यांवर पाणी ओतू नये.