शाळकरी मुलांकडून माओरी (न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांचं) वल्हं, म्हणजे 'होए', करून घेता येईल का?

येईल, पण कोऱ्या फळीपासून नको. मोठ्यांनी तोतारासारख्या (न्यूझीलंडमधलं एक झाड) लाकडातून ढोबळ आकार वाकसाने तासून द्यावा. लाकडाचे रेषे तिरके असले तर 'रापा' (पातं) 'काकाउ'ला (दांड्याला) मिळतो तिथेच वल्हं मोडतं. पात्याच्या कडेवर सगळीकडून मध्यरेषा आखा. ती पुसली की एक बाजू जास्त तासली जाते आणि पाण्यात वल्हं हातात फिरतं. मुलांना आधी पॉलिश पेपर द्या, रेष्यांच्या दिशेने. पटाशी नंतर, तीही लाकूड क्लॅम्पमध्ये आवळूनच. भागांची नावं, झाड ताने या जंगलाच्या देवाचं म्हणून तोडण्याआधी म्हणायची काराकिया (प्रार्थना), हे घासता घासताच सांगा. वेगळा तास लावला की मुलं कंटाळतात. कोरीव नक्षी जमत नसेल तर रंगवा. १७६९ मध्ये इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकच्या मोहिमेला मिळालेल्या होएंच्या पात्यांवरही लाल रंगातली नक्षीच आहे.