आत्मा स्वर्गात गेला, मग देहाचं पुनरुत्थान कशासाठी? आणि सातव्या दिवसाची मिस्सा म्हणजे तेरावंच का?

वसईत शेजारच्या ख्रिस्ती काकूंच्या अंत्यविधीला तुम्ही गेलात आणि तिथे ‘पुनरुत्थान’ हा शब्द पुन्हा पुन्हा ऐकलात. आत्मा देवाकडे गेलाच असेल तर देह परत उठायचा कशाला, आणि आता सातव्या दिवशी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, आहे ती आपल्या दहाव्या-तेराव्यासारखीच का, असं तुम्ही विचारलंय. विधी कॅथलिक चर्चमध्ये झाला, म्हणून उत्तरही कॅथलिक शिकवणीप्रमाणे देतो. प्रोटेस्टंट मंडळींचं काही बाबतींत वेगळं आहे, ते खाली येईल.

गोंधळ होतो तो ‘आत्मा’ या शब्दामुळे. मराठी कानाला आत्मा म्हटलं की गीतेतला जुनी वस्त्रं टाकून नवी नेसणारा देही आठवतो. ख्रिस्ती समजुतीत देह हे वस्त्र नव्हे. आत्मा आणि देह मिळून एक माणूस होतो. मरणाने हे दोन्ही वेगळे होतात आणि आत्मा देवासमोर उभा राहतो, पण माणूस अजून अर्धाच असतो. म्हणून प्रत्येक रविवारी म्हटल्या जाणाऱ्या विश्वासांगीकाराचा, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीचा, शेवट मृतांच्या पुनरुत्थानावर आणि येणाऱ्या युगातल्या जीवनावर होतो. बायबलमध्ये संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात दाण्याचा दाखला दिलाय: पेरतो तो नुसता दाणा, उगवतं ते रोप. रोप दाण्यासारखं दिसत नाही, तरी त्याच दाण्याचं असतं.

तो देह कसा असेल, हे सांगायला चर्चजवळ नमुना एकच आहे, तो येशूचा. पुनरुत्थित येशू शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खातो आणि थोमा या शिष्याला हातांवरचे व्रण दाखवतो. पण तोच बंद दारांआड प्रकटतो, आणि अम्माऊस गावाच्या वाटेवर सोबत चालणाऱ्या शिष्यांना चटकन ओळखू येत नाही. व्रण राहिले, ही मला सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. माणसाने सोसलेलं देव पुसून टाकत नाही, त्याच्यासकट माणसाला उठवतो. इथे एक चूक हमखास होते. येशूने जिवंत केलेला लाजरस कबरीतून बाहेर आला ते पुनरुत्थान, असं लोक समजतात. लाजरस त्याच जुन्या जीवनात परत आला, त्याला पुन्हा मरण होतंच. येशूला पुन्हा मरण नाही.

आता क्रम बघा. मरणानंतर लगेच प्रत्येकाचा व्यक्तिगत न्याय होतो. त्यानंतर स्वर्ग, किंवा शुद्धीस्थानातून स्वर्ग, किंवा नरक. जगाच्या शेवटी ख्रिस्ताचं पुन्हा येणं, सगळ्यांच्या देहांचं पुनरुत्थान आणि सार्वत्रिक न्याय. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात त्या न्यायाच्या कसोट्या दिल्यात: भुकेल्याला जेवायला घातलं का, तहानलेल्याला पाणी दिलं का, परक्याला घरात घेतलं का, उघड्याला कपडे दिले का, आजाऱ्याला आणि तुरुंगातल्याला भेटलात का. पुनर्जन्म या क्रमात कुठेच बसत नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात माणसाला एकदाच मरण आणि मग न्याय असं स्पष्ट आहे (९:२७). आणि बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा संस्कार) न झालेल्यांना दार बंदच, असं चर्च म्हणत नाही. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्येच सांगितलंय की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे सद्सद्विवेकाला जागून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं.

मिस्सा कळायला शुद्धीस्थान नीट कळलं पाहिजे. ती दुसरी संधी नव्हे आणि छोटा नरकही नव्हे. तिथला प्रत्येक जण स्वर्गात जाणार हे ठरलेलं असतं. देवाच्या मैत्रीत मेला, पण मनातला हेवा, राग, स्वार्थ अजून धुतला गेला नाही, अशा माणसाची ती तयारी आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९९ मध्ये सांगितलं की ही जागा नसून अवस्था आहे. तेव्हा तिथे किती वर्षं काढावी लागतील असा हिशेब मांडू नये. जुन्या प्रार्थनापुस्तकांत एखाद्या प्रार्थनेखाली ‘३०० दिवस’ असं छापलेलं दिसतं आणि शुद्धीस्थानातले तेवढे दिवस कमी झाले, अशी समजूत होते. ते आकडे चर्चच्या आरंभीच्या काळात पृथ्वीवर कराव्या लागणाऱ्या प्रायश्चित्ताच्या दिवसांचे होते. पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये ही मोजणीच बंद केली.

तर सातव्या दिवसाची मिस्सा. ती झाली नाही म्हणून आत्मा अडकतो, घराला दोष लागतो, असं काहीही नाही. सुतक नाही, पिंड नाही. सातवा दिवस, महिना आणि वर्ष हे रिवाजाचे दिवस आहेत. फादरांना वेळ नसेल किंवा मुलगा परदेशातून यायचा असेल तर दिवस पुढेमागे केला तरी चालतो. या मागच्या श्रद्धेप्रमाणे जिवंत आणि मृत एकाच कुटुंबाचे, म्हणून आजाऱ्यासाठी जशी प्रार्थना करायची तशी गेलेल्यासाठीही करायची. मिस्सेसाठी घरचे जे पैसे देतात ती फी नव्हे. धर्मप्रांतांचे बिशप रक्कम ठरवतात, फादरने त्याहून जास्त मागायचं नाही, आणि ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याच्यासाठीही मिस्सा करावी असं चर्चचा कायदा सांगतो. २ नोव्हेंबरला सगळ्याच मृतांचा दिवस असतो. १ ते ८ नोव्हेंबर या आठवड्यात दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना करण्याला विशेष महत्त्व आहे, म्हणून त्या दिवसांत कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या दिसतात.

बहुतेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, तिथे स्मरणसभा असते आणि प्रार्थना मागे राहिलेल्यांसाठी. याचं एक कारण बायबलमधल्या पुस्तकांच्या यादीतच आहे. मृतांच्या पापांसाठी बलिदान करायला यहूदा मक्काबी हा ज्यू सेनानी पैसे गोळा करून यरुशलेमला पाठवतो, तो प्रसंग मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात येतो. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत आणि त्यांत हे आहे. प्रोटेस्टंटांच्या ६६ मध्ये नाही. पुनरुत्थानावर मात्र दोघांचं दुमत नाही.

अंत्यविधीत तुम्ही जे पाहिलं त्याचा अर्थ आता लागेल. शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडतात ते बाप्तिस्म्याची आठवण म्हणून. जवळ पेटवलेली मोठी मेणबत्ती पास्काची, म्हणजे पुनरुत्थित ख्रिस्ताची खूण. आणि देहाला धूप दाखवतात, कारण हा देह पवित्र आत्म्याचं मंदिर होता. आत्मा उडून गेला आणि मागे टरफल उरलं असं वाटत असतं, तर टरफलाला धूप कोणी दाखवला असता?

दहनाचं विचारलं नाहीत, पण मुंबई-वसईत जागेच्या टंचाईमुळे हा प्रश्न घराघरांत येतो, म्हणून सांगतो. १९६३ पासून कॅथलिकांना दहनाला परवानगी आहे. दफन अधिक पसंत, एवढंच. जो देव दाण्यातून रोप काढतो त्याला राख झाली किंवा देह समुद्रात बुडाला म्हणून अडत नाही. अडचण होते ती नंतर. व्हॅटिकनच्या २०१६ च्या सूचनेनुसार राख नदीत सोडायची नाही, उधळायची नाही, घरी फळीवर ठेवायची नाही. ती दफनभूमीत किंवा चर्चने नेमलेल्या जागी ठेवायची. २०२३ मध्ये थोडी सवलत मिळाली: योग्य कारण असेल तर चर्चच्या परवानगीने राखेचा अगदी थोडा भाग त्या व्यक्तीच्या जिव्हाळ्याच्या जागी ठेवता येतो. घरच्यांनी दहनाआधीच फादरांशी बोलून घ्यावं, म्हणजे राख हातात घेऊन वाद होत नाहीत.

आत्महत्या केलेल्याला चर्चमध्ये जागा नाही, हे अजूनही ऐकू येतं आणि दुःखात असलेल्या घरावर तो दुसरा घाव असतो. चर्चच्या १९१७ च्या कायद्यात तशी बंदी होती. १९८३ च्या कायद्यात ती नाही, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं.

सातव्या दिवसाच्या मिस्सेला जरूर जा. मागच्या बाकावर बसा, सगळे उभे राहतील तेव्हा उभे राहा. पवित्र भाकर घ्यायला लोक रांगेत जातात तेव्हा जागेवरच थांबा, ती बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असते. त्यात कोणाला काही वावगं वाटणार नाही. त्याच्या थोडं आधी, वेदीवरच्या मोठ्या प्रार्थनेत, फादर काकूंचं नाव घेतील. बाप्तिस्म्यात मिळालेलं तेच नाव. आणि लगेच मागणं येईल की बाप्तिस्म्याने जी ख्रिस्ताच्या मरणात सहभागी झाली, तिला त्याच्या पुनरुत्थानातही सहभागी होऊ दे. तेवढं वाक्य कान देऊन ऐका.