वजनकाटा, इंचटेप अन् जिमची मशीन : तुमचे प्रश्न

मागच्या वेळी मी सहज लिहून गेली की लठ्ठपणा काट्यावर कमी अन् टेपवर जास्त दिसतो, तर प्रश्नांची रांगच लागली. सगळे घेता येत नाहीत, त्यातले पाच घेते.

मॅडम, माझी उंची १७० सेंटिमीटर, वजन ७१. मोबाईलमधलं ॲप म्हणते नॉर्मल, कंपनीच्या चेकअपमधले डॉक्टर म्हणतात वजन जास्त आहे. खरं कोण? (वय ३४, धरमपेठ)

दोघंही खरं बोलतात, फूटपट्टी वेगळी आहे. ७१ ला १.७ ने दोनदा भागा, २४.६ येतात, हा तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबाने वजन. ॲप बहुतेक जागतिक आकडा लावते, त्यात १८.५ पासून २५ च्या खालीपर्यंत नॉर्मल. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये भारतीयांसाठी वेगळे आकडे ठरवले, २३ पासून जास्त वजन अन् २५ पासून लठ्ठपणा. काहून, तर तेवढ्याच बीएमआयला आपल्या अंगात चरबी जास्त असते अन् ती नेमकी पोटात जाऊन बसते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक अन् ब्रिटनचे डॉ. युडकिन यांचा एक शेजारीशेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आला होता, दोघांचाही बीएमआय २२.३, पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के अन् याज्ञिकांची २१.२! बीएमआयवर वाद घालणाऱ्या पेशंटला मी आधी हाच किस्सा सांगते, निम्मा वाद तिथेच संपतो. तसंही हे सूत्र कोण्या डॉक्टरने काढलेलंच नाही, बेल्जियमच्या केतले नावाच्या गणितज्ञाने १८३० च्या दशकात ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते शोधताना काढलं, अन् बीएमआय हे नाव तर १९७२ चं. म्हणून त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका, कंबर मोजून कळवा.

वजन ५३, उंची १५५, सगळे मला बारीकच म्हणतात. पण सोनोग्राफीत फॅटी लिव्हर (लिव्हरमध्ये चरबी) निघालं. रिपोर्ट चुकला असेल का? (वय ४४, इतवारी)

ताई, रिपोर्टवर शंका घ्यायच्या आधी टेप घ्या. तुमचा बीएमआय २२ येतो, म्हणजे आपल्या भारतीय हिशेबानेही नॉर्मल, पण तुम्ही खाली लिहिलंय की कंबर ८७ सेंटिमीटर आहे, अन् खरी गोष्ट तिथेच आहे. आपल्याकडे बाईची कंबर ८० अन् पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत पाहिजे. अजून सोपं, कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, तुमची निम्मी उंची होते साडेसत्त्याहत्तर. हातपाय बारीक, पोट पुढे, अशा बायका माझ्याकडे रोज येतात अन् त्यातल्या कोणालाच कोणी जाडी म्हटलेलं नसते.

फक्त एकदा नीट मोजून घ्या, कारण बहुतेक जणी परकराची नाडी बांधतात तिथे टेप लावतात अन् पुरुष पॅन्टची साईज सांगून मोकळे होतात (पॅन्ट पोटाच्या खाली घातली तर ३४ ची पण होतेच, त्याचा काय उपयोग!). बाजूने शेवटची बरगडी हाताला लागते ती शोधा, खाली कमरेचं हाड शोधा, दोघांच्या बरोबर मधोमध उघड्या अंगावर टेप आडवा सरळ धरा, आवळू नका, अन् श्वास सहज सोडून झाला की आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही, इथे कोणी बघत नाही. आता डॉक्टरांना सांगून साखर, लिपिड (रक्तातली चरबी), एसजीपीटी (लिव्हरची टेस्ट) अन् बीपी बघून घ्या.

जिममधल्या मशीनने मे महिन्यात चरबी ३१ टक्के सांगितली, जुलैत २७. मी तर काहीच केलं नाही.

मशीन चरबी मोजतच नाही दादा, अंगातून बारीकसा करंट सोडते अन् पाण्यातून तो किती सहज जातो त्यावरून अंदाज बांधते. आपल्या नागपूरच्या ४५ डिग्रीच्या मे महिन्यात घाम गाळून, पाणी न पिता तुम्ही तिच्यावर उभे राहिले असाल, तर अंगात पाणी कमी म्हणून चरबी जास्त दिसली. सकाळी, उपाशीपोटी, एकाच मशीनवर मोजलं तर वर की खाली एवढं कळते, तेवढंच घ्या. नेमका आकडा डेक्सा नावाच्या एक्स-रे स्कॅनमध्ये मिळतो, पण त्याची प्रत्येकाला गरज नाही.

बीएमआय ३१, कंबर १०४, पण साखर-बीपी-कोलेस्टेरॉल सगळं नॉर्मल. मग मला आजार आहे का नाही? (पुरुष, ३९)

याच्यावर मोठमोठ्या डॉक्टरांचंही एकमत नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेटच्या एका आयोगाने दोन भाग सुचवले, चरबी जास्त आहे पण अवयव नीट चालतात तो एक, अन् चरबीमुळे शरीराचं कामच बिघडलं तो दुसरा, अन् दुसऱ्यालाच आजार म्हणा असं म्हटलं. मला हे पटते, पण पेशंट पहिल्या भागात आहे ऐकून सावजी मटणावर ताव मारायला मोकळा होतो ते नाही पटत. अन् रक्ताचे रिपोर्ट म्हणजे सगळं नव्हे. तुम्ही घोरता का, झोपेत श्वास अडकतो असं बायको म्हणते का, दिवसा गाडी चालवताना डुलकी लागते का, दोन जिने चढून धाप लागते का, गुडघे कुरकुरतात का? हे मला रिपोर्टमध्ये दिसणार नाही, तुम्हीच सांगायचं. घोरणं असेल तर झोपेची टेस्ट करून घ्या.

थायरॉईडमुळेच वजन वाढलं ना मॅडम?

टीएसएच ही थायरॉईडची रक्ताची टेस्ट करा, पण वीस किलोचं खापर त्याच्यावर फोडू नका. थायरॉईड कमी असलं तर वजन थोडंच वाढते, अन् त्यातही बराच भाग अंगात साचलेल्या पाण्याचा असतो. त्यापेक्षा चालू गोळ्यांची यादी घेऊन या, स्टेरॉईड, काही मानसिक आजाराच्या अन् फिट येण्यावरच्या गोळ्या, इन्सुलिन, यांनी वजन खरंच वाढते. मनाने बंद मात्र करू नका.

जाताजाता एक, वर्धा रोडवरून एका ताईंनी विचारलंय की बाबांचं वजन वर्षानुवर्षं तेच, मग बीएमआय वाढला कसा. बाबा ७६ चे आहेत, उंची कमी झाली असणार, भिंतीला पाठ टेकवून पुन्हा मोजा. तीन-चार सेंटिमीटर गेली असेल तर हाडांची तपासणी करून घ्या, अन् खुर्चीचे हात न धरता ते उठू शकतात का तेही बघून मला लिहा.