रक्त आधी बाबांचं तपासा

प्रिय मैत्रीण,

तुझ्या आजोबांना पन्नाशीत ‘भ्रम’ झाला, काका ५२व्या वर्षी घरचा रस्ता चुकायला लागले, आणि आता एसटीत कंडक्टर असलेले बाबा ४८व्या वर्षीच सुट्टे परत देताना अडखळतात. त्यात तुझं लग्न ठरतंय. आई म्हणते, मुलाकडे अवाक्षर काढू नकोस. तू विचारतेस, जनुकांची तपासणी करून मोकळी होऊ का?

आत्ता नको. आधी बाबांना न्यूरॉलॉजिस्टकडे ने. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांनीही माणूस विसरायला लागतो, आणि त्यावर उपचार आहेत. अल्झायमरच निघाला, तर जनुकं बाबांची तपासायची. पीएसईएन१, पीएसईएन२ आणि एपीपी या तीन जनुकांपैकी एकातला दोष असा पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. अल्झायमरच्या शंभर रुग्णांत असा एकही सापडत नाही म्हण ना, पण तुमच्या घरचा इतिहास पाहता शंका रास्त आहे. बाबांमधला नेमका दोष माहीत नसेल, तर तुझा ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट नुसता कागद. आणि त्यांना समजतंय तोवर संमती त्यांच्याच तोंडून घ्या.

दोष सापडला तर तुला ५० टक्के शक्यता, तुझ्या भावालाही तेवढीच. तेव्हाही तपासणी करायलाच हवी असं नाही. आजार टाळणारं औषध आज नाही, आणि एकदा कळलेलं परत न कळल्यासारखं करता येत नाही. भावाला नको असेल तर त्याला गळ घालू नकोस. हा दोष असला की आजार बहुतेक येतोच. कोलंबियात असा दोष असलेल्या एका बाईची स्मृती मात्र सत्तरी उलटेपर्यंत शाबूत राहिली, तिच्यातल्या दुसऱ्या एका दुर्मीळ जनुकबदलामुळे असावं. पण तो अपवाद, त्यावर भिस्त ठेवू नकोस. ऑनलाइन किटही मागवू नकोस, त्यात बहुधा एपीओई बघतात, म्हणजे म्हातारपणीच्या अल्झायमरचा धोका कमी-जास्त करणारं जनुक. त्याचा तुमच्या प्रश्नाशी फारसा संबंध नाही.

लग्नाचं म्हणशील तर आईचं मला पटत नाही. साखरपुड्याआधी मुलाला सांग. मुलाला, त्याच्या मावशीला नव्हे! घरात काय घडलंय एवढं सांगायला रिपोर्ट लागत नाही. पुढे मुलांचा विचार कराल तेव्हा, दोष माहीत असेल तर, आयव्हीएफमध्ये गर्भ तपासून निवडता येतो, हेही त्याच्या कानावर घाल.

डॉक्टरांकडून जनुकीय समुपदेशकाचं नाव घे. जाताना काकांची जुनी फाइल ने आणि कुणाला कितव्या वर्षी सुरू झालं ते लिहून ने. आत्याला विचार, आजोबांचं तिला आठवत असेल.

तुझी,
ताई