सीबीटी म्हणजे ‘पॉझिटिव्ह विचार करा’ नव्हे

मोठा आघात होऊन गेल्यावर सीबीटीने (कॉग्निटिव्ह बिहेव्हियरल थेरपी, म्हणजे विचारांवर आणि वागण्यावर काम करणारी मानसोपचाराची पद्धत) खरंच काही फरक पडतो का, की ‘सकारात्मक राहा’ हेच पैसे मोजून ऐकायचं, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, पण पीटीएसडीसाठी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी, ही थेरपी घेतली आहे. फरक पडतो. फक्त तो तुम्हाला वाटतोय त्या वाटेने येत नाही.

माझ्या बाबतीत गाडीचा अपघात होता. गाडी मैत्रीण चालवत होती, ती वाचली नाही. ‘मी चल म्हणाले म्हणून ती गेली’ हे वाक्य माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं. घरचे म्हणायचे, यात तुझा काय दोष? त्याने तसूभरही फरक पडत नव्हता. थेरपिस्टबाईंनी मला पटवून द्यायचा प्रयत्नच केला नाही. ते वाक्य कागदावर लिहायला लावलं, शेजारी ते किती टक्के खरं वाटतं तो आकडा लिहायला लावला आणि विचारलं, ‘चल म्हणालात त्या क्षणी तुम्हाला काय काय माहीत होतं?’ समोरून ट्रक चुकीच्या बाजूने येणार, हे अर्थातच माहीत नव्हतं. नंतर कळलेली गोष्ट आधीच माहीत असायला हवी होती, असा हिशोब मी मांडत होते. हे एका बैठकीत उमगलं नाही बरं का. तोच तक्ता घरी भरत राहिले, तेव्हा कुठे आकडा खाली यायला लागला. अपराधीपणा ओसरला. दुःख आहे, ते राहणारच.

मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत मुळात नैराश्यासाठी विकसित केली. आघातासाठी तिची खास रूपं पुढे आली. पॅट्रिशिया रेसिक यांच्या कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीत, जी साधारण १२ सेशनची असते, भर अशा अडकून बसलेल्या विचारांवर असतो. एड्ना फोआ यांच्या प्रोलाँग्ड एक्स्पोजरमध्ये टाळलेल्या गोष्टींना हळूहळू सामोरं जायचं असतं.

हे टाळणंच दुखणं पोसत राहतं. मी गाडीत बसणं सोडलं होतं. टाळलं की लगेच हायसं वाटायचं, म्हणून पुढच्या वेळी आणखी टाळायचे. पण मग गाडीत बसूनही काही होत नाही, हे अनुभवायची संधीच मिळत नाही. त्यामुळे सुरुवात उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून नुसतं बसण्यापासून झाली. भीती शून्य ते शंभरमध्ये मोजायची आणि ती उतरेपर्यंत उठायचं नाही. ऐकायला फुटकळ वाटतं, पण हात घामाने भिजायचे.

सुरुवातीला उलट जास्त त्रास होऊ शकतो. मला स्वप्नं वाढली होती. हे आधी माहीत नसेल तर ‘आपल्याला सूट होत नाही’ म्हणून माणूस तिथेच सोडून देतो.

काही ठिकाणी मात्र थांबून विचार करावा. घटना अगदी ताजी असेल तर झोप उडणं, दचकणं हे स्वाभाविक आहे. बऱ्याच जणांचं ते आपसूक कमी होतं आणि पीटीएसडीचं निदानही महिनाभर लक्षणं टिकल्याशिवाय करत नाहीत. छळ अजून चालूच असेल, तर तुमची भीती हा विचारातला दोष नाही. आधी सुरक्षित जागा, मग तक्ते. जीव द्यावासा वाटत असेल तर सेशनची तारीख यायची वाट बघू नका, आजच कुणाला तरी सांगा आणि डॉक्टर गाठा. औषधं आणि थेरपी एकत्र चालतात, त्यात कमीपणा नाही.

थेरपिस्ट निवडताना पहिल्याच भेटीत विचारा: आघातावर काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण आहे का, आणि दोन सेशनच्या मध्ये घरी करायला काय देता? घरी करायला काहीच नसेल, तर तिथे गप्पा छान होतील, आधारही मिळेल, पण तुम्ही जिच्याबद्दल विचारताय ती सीबीटी बहुधा नसेल.