व्हियाचा डावा पाय आणि मुरमाचं मैदान

गेल्या अंकात स्पेनचा निवृत्त फुटबॉलपटू, स्ट्रायकर (सगळ्यात पुढं राहून गोल करणारा खेळाडू) डेव्हिड व्हिया याच्या कारकिर्दीवर लेख होता. त्यावर मराठवाड्यातून बरीच पत्रं आली. बहुतेकांना स्वतःच्या लेकरांना काय शिकवावं हे विचारायचं होतं, म्हणून उत्तरंही त्याच अंगानं दिली आहेत.

प्रश्न (हिंगोली): माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. सगळा खेळ उजव्या पायावर. व्हिया दोन्ही पायांनी गोल करायचा. ते उपजत असतं की शिकून येतं?

शिकून येतं. व्हिया मूळचा उजव्या पायाचाच. चार वर्षांचा असताना त्याच्या उजव्या मांडीचं हाड मोडलं. पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा त्याचे वडील डाव्या पायाकडे चेंडू टाकत राहायचे आणि पोरगं तो परत मारत राहायचं. वडील उत्तर स्पेनच्या अस्तुरियास प्रांतात कोळशाच्या खाणीत कामाला होते. पुढं स्पेनसाठी ९८ सामन्यांत ५९ गोल झाले, हा आजही स्पेनचा विक्रम आहे. त्यातला डाव्या पायाचा वाटा त्या दिवसांपासून सुरू होतो.

तुमच्या मुलासाठी रोज पंधरा मिनिटं पुरेत, पण खंड नको. चेंडू ४ नंबरचा घ्या. ५ नंबरचा बाराव्या वर्षानंतर. भिंतीपासून तीन मीटरवर उभं करा. पहिले दहा दिवस जोरात मारायचंच नाही. डाव्या पायाच्या आतल्या बाजूनं हलकं ढकलायचं, परत आलेला चेंडू डाव्यानंच थांबवायचा. तीस वेळा, मग मिनिटभर दम, असे तीन फेरे. हे जमलं की अंतर सहा मीटर करा आणि बुटाच्या नाडीवरून मारायला लावा.

चूक बहुधा डाव्या पायात नसते, टेकवलेल्या उजव्या पायात असते. उजव्या पायाला अंगाचा भार पेलत स्थिर राहायची सवय नसते. तो चेंडूच्या मागं पडला की अंग मागं झुकतं आणि चेंडू आभाळात जातो. फार चिकटून पडला तर डावा पाय मोकळा फिरत नाही आणि मूल टोचा मारतं. उजवं पाऊल चेंडूच्या बाजूला, साधारण एक वीत अंतरावर, बोटं निशाणाकडे. घोटा ताठ. छाती चेंडूवर. फक्कीनं पाऊल टेकवायची जागा आखून द्या. तोंडानं सांगण्यापेक्षा ती रेघ लवकर शिकवते.

प्रश्न (लातूर): २०१० च्या विश्वचषकात व्हियाला डावीकडे खेळवलं. स्ट्रायकरला कडेला टाकलं तर गोल कमी होत नाहीत का?

त्या स्पर्धेत उलटं झालं. स्वित्झर्लंडविरुद्ध व्हिया मध्यभागी एकटा पुढं होता. स्पेन ०-१ हरला. पुढच्या चार सामन्यांत स्पेनचा दुसरा स्ट्रायकर टोरेस मध्ये आला आणि व्हियानं डावीकडून सुरुवात केली. होंडुरासविरुद्ध दोन, चिली, पोर्तुगाल आणि पॅराग्वेविरुद्ध एकेक, असे त्याचे पाचही गोल याच चार सामन्यांतले. जर्मनी आणि नेदरलँड्सविरुद्ध तो पुन्हा मध्ये गेला, गोल झाला नाही. स्पेननं अख्ख्या स्पर्धेत फक्त आठ गोल केले आणि विश्वचषक जिंकला. आठातले पाच याचे.

कारण असं. उजव्या पायाचा खेळाडू डावीकडून आत वळला की चेंडू त्याच्या चांगल्या पायावर येतो आणि अख्खा गोल समोर उघडतो. बचावपटू ती वाट अडवायला गेला तर बाहेरची बाजू मोकळी राहते, आणि व्हियाचा डावा पायही चालत असल्यानं तिथूनही धोका. होंडुरासविरुद्धचा पहिला गोल यातला धडा आहे: डाव्या कडेनं दोघांच्या मधून निसटला, तिसऱ्याला चुकवलं आणि तोल जाता जाता उजव्यानं वरच्या कोपऱ्यात मारला. चिलीविरुद्ध गोलकीपर ब्राव्हो पुढं धावून आला, त्यानं काढलेला चेंडू व्हियाकडे आला. व्हियानं तो थांबवलाच नाही. लांबूनच, डाव्यानं, रिकाम्या गोलात. चेंडू आधी उजव्यावर घेत बसला असता तर गोलकीपर परतला असता. पोर्तुगालविरुद्ध डाव्याचा फटका अडवला गेला, उसळून आलेला चेंडू त्यानं उजव्यानं आत टाकला.

मुलांना हे शिकवायचं तर आधी धावायचा मार्ग शिकवा. आमच्याकडची पोरं पास येण्याआधीच सरळ गोलाकडे सुटतात आणि ऑफसाइड होतात. नियम एवढाच: पास सुटण्याच्या क्षणी तुम्ही समोरच्या अर्ध्या मैदानात, चेंडूच्या पुढं आणि शेवटून दुसऱ्या विरोधी खेळाडूच्याही पुढं असाल तर ऑफसाइड. त्याच्या बरोबरीनं असाल तर नाही. शेवटून दुसरा मोजताना गोलकीपरही धरतात, हे बरेच जण विसरतात.

म्हणून सरळ नको, वाकडं धावा. आधी बचावफळीला समांतर आडवे तीन-चार पावलं, आणि पास देणाऱ्यानं मान वर करून टेकवायचा पाय रोवला की तिरके आत. बचावपटूच्या पाठीमागच्या खांद्याकडून जायचं, म्हणजे त्याला एकाच वेळी चेंडू आणि तुम्ही दोन्ही दिसत नाहीत. गोलापासून वीस मीटरवर अर्ध्या विटांची रांग मांडून याचा सराव होतो. पास देणारा मात्र खरा हवा, कारण वेळ त्याच्या मानेवरूनच ओळखायची असते.

प्रश्न (परभणी): पाच गोल करूनही गोल्डन बूट म्युलरला कसा?

गोल्डन बूट स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळतो. २०१० मध्ये जर्मनीचा म्युलर, व्हिया, नेदरलँड्सचा स्नायडर आणि उरुग्वेचा फोर्लान यांचे प्रत्येकी पाच गोल झाले. बरोबरी झाली की सहकाऱ्याला गोलसाठी दिलेले पास मोजतात: म्युलरचे तीन, बाकीच्यांचा एकेक. त्यानंतर कमी मिनिटं खेळलेला वर, म्हणून व्हिया दुसरा. होंडुरासविरुद्ध त्यानं पेनल्टी बाहेर मारली नसती तर हा हिशोब लागलाच नसता.

प्रश्न (बीड): खेळून आल्यावर मुलीची नडगी दुखते. व्हियाचीही नडगी मोडली होती ना? खेळ बंद करावा का?

व्हियाची डावी नडगी मोडली डिसेंबर २०११ मध्ये, योकोहामात, क्लब विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात. तो २०१२ च्या युरोला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेला, मुकला. आठ महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, बार्सिलोनाकडून परतला आणि त्याच सामन्यात गोल केला. आठ महिने म्हणजे आठ महिने. मधे घाई झाली नाही, हे लक्षात घ्या.

मुलीचं दुखणं कुठं आहे ते बोटानं दाबून पाहा. नडगीच्या आतल्या कडेनं चार-पाच बोटं लांबीत दुखत असेल आणि विश्रांतीनं थांबत असेल तर तो बहुधा कडक जमिनीचा आणि अचानक वाढलेल्या सरावाचा ताण. दोन आठवडे धावणं थांबवा, बर्फ लावा, मग निम्म्या वेळानं सुरू करा. पण दुखणं एकाच बोटाएवढ्या जागी असेल, रात्रीही ठणकत असेल किंवा लंगडत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. खेळ लगेच बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे. पहिल्या एक्स-रेत तो तडा कधीकधी दिसत नाही, म्हणून एक्स-रे नीट आला एवढ्यावर परत मैदानात उतरवू नका.

बूटही पाहा. आपल्याकडे उन्हाळ्यात मैदान मुरमाचं किंवा भेगाळलेल्या काळ्या मातीचं असतं. हिरवळीसाठीच्या बुटांचे लांब स्टड (तळाचे खुंट) तिथं रुतत नाहीत. सगळा दणका तळपायातून नडगीत चढतो, आणि भेगेत अडकले तर गुडघा पिळतो. बारीक रबरी ठिपक्यांचे टर्फ बूट घ्या. चेंडूही दगडासारखा फुगवू नका, अंगठ्यानं दाबल्यावर किंचित दबला पाहिजे. शिनगार्ड (नडगीवर बांधायचं कवच) लाथेपासून वाचवतं, या दुखण्यापासून नाही.

प्रश्न (नांदेड): शंभराला दोनच सामने कमी असताना तो थांबला का?

२०१४ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाविरुद्ध टाचेनं गोल करून त्यानं निरोप घेतला, तेव्हा सामने ९७ होते. पुढं न्यूयॉर्क सिटी क्लबकडून खेळताना तो २०१६ मध्ये अमेरिकी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये, ३५ व्या वर्षी, इटलीविरुद्ध स्पेननं त्याला परत बोलावलं. शेवटच्या काही मिनिटांसाठीच उतरला, तो ९८ वा. पुन्हा संधी आली नाही. निवृत्ती जपानमध्ये, व्हिस्सेल कोबे क्लबकडून: १ जानेवारी २०२० रोजी एम्परर्स कप जिंकून.

प्रश्न (धाराशिव): त्याला ‘एल ग्वाहे’ का म्हणतात? आणि व्हिला की व्हिया?

स्पॅनिशमध्ये दोन ‘एल’ एकत्र आले की उच्चार ‘य’कडे जातो, म्हणून व्हिया. ‘ग्वाहे’ हा अस्तुरियासच्या बोलीतला शब्द, अर्थ पोरगं. खाणीत मोठ्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या पोऱ्यालाही तिकडे हेच म्हणत. व्हियाचं गाव तुइया खाणींच्याच खोऱ्यातलं. आपल्याकडे धाराशिवात म्हणाल तसं: लेकरू.