चालताना पोटरीत येणारा गोळा

प्रश्न : माझे यजमान ६१ वर्षांचे असून त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे, सिगारेटही सुटलेली नाही. दोनशे-अडीचशे पावले चालले की त्यांच्या उजव्या पोटरीत गोळा येतो आणि थांबले की दोन-तीन मिनिटांत सुटतो. माझ्या पायांवरील फुगलेल्या नसांसाठी डॉक्टरांनी मला घट्ट मोजे दिले आहेत व त्यांचा मला चांगला उपयोग होतो. तसेच मोजे त्यांनी घातले तर चालतील का?

उत्तर : तपासणी होईपर्यंत त्यांना ते मोजे अजिबात घालू देऊ नका. तुमचा त्रास नीलांचा आहे : पायातले रक्त वर चढवणाऱ्या या वाहिन्यांच्या झडपा सैल झाल्या की रक्त खाली साठते आणि बाहेरून दिलेला दाब त्याला वर सरकायला मदत करतो. यजमानांच्या लक्षणांवरून मात्र पायाकडे रक्त आणणाऱ्या रोहिण्या चरबीच्या थरांनी अरुंद झाल्या असाव्यात असे दिसते. जिथे मुळात रक्तच कमी पोहोचते, तिथे वरून आवळल्यास कातडी काळी पडून जखम होऊ शकते.

निदानाची पहिली तपासणी सोपी असते. रुग्णाला आडवे निजवून दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजतात. घोट्याशी स्टेथोस्कोपऐवजी पेनएवढे डॉप्लर यंत्र धरतात आणि त्यातून नाडीचा सूं-सूं आवाज ऐकू येतो. दंडाचा दाब १४० आणि घोट्याचा ८४ भरला, तर गुणोत्तर ०.६ येते, ते ०.९ किंवा त्याहून कमी असल्यास रोहिणी अरुंद झाल्याचे धरतात. मधुमेहात रोहिण्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचून त्या कडक होतात, पट्ट्याने दबत नाहीत आणि आकडा फसवा, चांगला दिसतो. म्हणून यजमानांच्या पायाच्या अंगठ्याचा दाबही मोजायला सांगा.

उपचारांत सिगारेट बंद करण्याला मी सर्वांत वरचे स्थान देतो, कारण ती चालू असताना केलेली शस्त्रक्रियाही फार काळ टिकत नाही. त्याखालोखाल चालणे. दुखते म्हणून चालणे सोडणे ही नेहमीची चूक आहे; दुखणे बऱ्यापैकी वाढेपर्यंत चालावे, थांबावे, ओसरले की पुन्हा निघावे, असे विश्रांतीसह ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून किमान तीनदा आणि निदान तीन महिने करावे. पायावर जखम नसेल आणि हृदयाची तपासणी झालेली असेल, तरच हे सुरू करावे. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गुठळ्या रोखणारी) आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे) ही औषधे पायापेक्षाही हृदय व मेंदू सांभाळण्यासाठी दिली जातात, त्यामुळे पाय दुखायचा थांबला तरी ती बंद करू नयेत.

फुग्याने रोहिणी रुंद करणे, ती उघडी ठेवणारी जाळीदार नळी म्हणजे स्टेंट बसवणे किंवा मांडीतली नीला वापरून बायपास करणे हे पर्याय केवळ तपासणीच्या चित्रात अडथळा दिसला म्हणून घाईने स्वीकारू नयेत. मात्र रात्री झोपेत पाऊल ठणकू लागले आणि पाय पलंगाखाली सोडल्यावरच बरे वाटू लागले, किंवा बोटावरची जखम भरेनाशी झाली, तर पाय वाचवण्यासाठी त्यांचा विचार लगेच करावा लागतो. पाय अचानक पांढरा, गार आणि बधिर पडला, तर हाती काही तासच असतात. थेट रुग्णालय गाठावे.

प्रश्न : पायाचे प्लास्टर काढल्यापासून आईची एकच पोटरी सुजून गरम लागते. तेल लावून चोळावी का?

उत्तर : चोळू नका. खोल नीलेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता आहे आणि ती सुटून फुप्फुसात अडकू शकते. आजच्या आज डॉप्लर सोनोग्राफी करून घ्या. गुठळी आढळल्यास रक्त पातळ ठेवणारी औषधे साधारणपणे किमान तीन महिने घ्यावी लागतात. तपासणीची वाट पाहत असताना दम लागला किंवा छातीत दुखू लागले, तर सोनोग्राफीसाठी न थांबता आईंना तातडीच्या विभागात न्या.